गॅरंटी सोडवताना

दुबईकडे पगारावर टॅक्स नसतो हे माहीत असल्यामुळे पुण्याचे नातेवाईक मला विचारायचे, "मग तू तिथे पगाराच्या खात्यात करतेस तरी काय?" मी हसून विषय बदलायचे. समजावून सांगायला बसलं की लोक कंटाळतात.

शारजाच्या औद्योगिक भागात लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होते. टॅक्स नव्हता, पण गॅरंटी होती. बाहेरून आणलेल्या प्रत्येक कामगारामागे कंपनीला बँकेत ठरावीक रक्कम अडकवून ठेवावी लागे. कंपनीनं पगार बुडवला तर सरकारचं कामगार खातं तो त्या रकमेतून देणार. माणूस सगळा हिशेब घेऊन मायदेशी गेला, की तसे कागद दाखवून गॅरंटी सोडवून घ्यायची. ते कागद तयार करणं हे माझं काम.

दोन हजार सालाच्या आसपास कंपनीच्या हातचं एक मोठं काम गेलं आणि पगार थकायला लागले. आमचे मॅनेजर मुंबईचे, मराठीच. माणूस वाईट नव्हता. सकाळी आले की आधी शेडमध्ये फेरी, प्रत्येकाची विचारपूस, मग केबिन. मालकांनी हात वर केल्यावर त्यांनीच एक वाट शोधली. जमतील तेवढ्या माणसांना घरी पाठवायचं, त्यांच्या गॅरंटी सोडवायच्या आणि त्या पैशातून उरलेल्यांचे पगार भागवायचे. जाणाऱ्याच्या हातात अर्धा हिशेब ठेवायचा, बाकीचा 'मागून पाठवतो' म्हणायचं आणि सही मात्र पूर्ण हिशेबावर घ्यायची.

"सर, खात्याची तपासणी आली तर?" मी विचारलं होतं.

"आली तर बघू, मॅडम. नाही येणार, इन्शाल्ला. आणि हे केलं नाही तर पुढच्या महिन्यात शेडला कुलूप. मग या सगळ्यांना तुम्ही जेवायला घालणार का?"

मी कागद टाईप करायला बसले. पुष्कळसे कागद तसेच गेले आणि पैसे आलेही. उरलेल्या माणसांना एक पगार मिळाला. त्या दिवशी शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसल्याचं मी ऐकलं.

त्यानंतर आठवड्याभरातच एक वेल्डर गेला.

रत्नागिरीकडचे दोघे भाऊ आमच्याकडे होते. थोरला वेल्डर, धाकटा फिटर. दोघेही मुहैस्नाच्या लेबर कॅम्पात, म्हणजे सगळे ज्याला सोनापूर म्हणतात तिथे, एकाच खोलीत राहायचे. थोरला फार बोलायचा नाही. माझ्या टेबलाशी आला तर दारात चपला काढायचा, मी कितीदा नको म्हटलं तरी. जूनमधल्या एका दुपारी वेल्डिंग करताना तो खाली बसला. बाजूच्याला वाटलं, दम घेतोय. हाक मारली तर उठेना. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं.

मृतदेह शवागारात ठेवला. तो भारतात पाठवायचा तर आधी व्हिसा रद्द व्हायला हवा, आणि त्यासाठी हिशेब चुकता झाल्याची सही हवी. ती आता धाकट्यानं करायची होती.

मॅनेजरनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवून घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा दादा मला भावासारखा होता. तिकीट, पेटी, सगळं कंपनी करेल. तू फक्त सही कर."

कागदावर थकलेला सगळा पगार आणि इतक्या वर्षांच्या नोकरीची रक्कम मांडलेली होती. मीच टाईप केली होती. धाकट्यानं आकडा वाचला. सवयीनं त्याचे ओठ हलले, दिरहमचे रुपये करत होता.

"हे पैसे कुठे आहेत, सर?"

"मिळतील. गॅरंटी सुटली की पहिले तुझेच."

तो विचार करून सांगतो म्हणाला आणि बाहेर आला. मी त्याच्या मागे गेले. पाण्याच्या कूलरपाशी तो नुसता उभा होता.

"ताई, खरं सांगा," तो म्हणाला. एरवी तो मला मॅडम म्हणायचा. "सही केली तर पैसे गेले ना?"

"बहुतेक गेले," मी म्हटलं. "सही नाही केलीस तर खात्यात तक्रार करता येते. ते गॅरंटीतून देतील. पण वेळ लागेल."

"आणि तोवर दादा?"

"तिथेच राहील."

तो रस्त्यापलीकडच्या बूथवर जाऊन गावी फोन करून आला. शेजारच्या घरी फोन होता, आईला बोलावून आणलं होतं म्हणे. "आये एकच बोलतेय, त्याला घेऊन ये. दुसरं काय ऐकतच नाय." त्यानं सही केली. पासपोर्ट कंपनीकडेच होता आणि काम अर्धं पडलं होतं, म्हणून त्याला मात्र सोबत जाऊ दिलं नाही. पेटी एकटीच गेली. गावी सगळं आटोपल्याचं त्याला फोनवर कळलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर होता.

मग तपासणी आली. एकाच कंपनीच्या इतक्या गॅरंटी एकदम सोडवल्या जाताहेत, हे खात्याच्या नजरेत आलं होतं. आलेला अधिकारी तरुण आणि शांत होता, तुटक हिंदी बोलायचा. माझ्या टेबलासमोर बसून त्यानं एकेक फाईल चाळली. एका कागदावर कामगाराऐवजी दुसऱ्याच कुणाची सही दिसली, तिथे थांबला.

"ये कौन?"

"मरनेवाले का भाई. यहीं काम करता है," मी सांगितलं.

"बुलाओ."

धाकटा हातमोजे काढत आला. मॅनेजर दाराला टेकून उभे होते. अधिकाऱ्यानं कागद त्याच्यापुढे धरला. "पैसा मिला? पूरा?"

शेडमधला ग्राइंडर कुणीतरी बंद केला होता. धाकट्यानं एकदा मॅनेजरकडे पाहिलं.

"नहीं मिला, साहब. एक पैसा नहीं मिला. भाई को घर भेजना था, इसलिए साइन किया."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "सच है?"

"सच है," मी म्हणाले.

मॅनेजरनी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

खात्यानं कंपनीचे सगळे अर्ज अडवले आणि उरलेल्या गॅरंटीतून कामगारांची देणी भागवायला सुरुवात केली. थोरल्याचे पैसे त्याच्या बायकोच्या नावानं निघाले. आधी गेलेल्यांनाही थोडेथोडे मिळाले असं ऐकलं. पण कंपनीला नवे व्हिसा बंद झाले, होतं ते कामही गेलं, आणि दोन महिन्यांत वर्कशॉप खलास. ज्यांना इथे राहून कमवायचं होतं तेही सगळे घरी निघाले.

कॅम्पात धाकट्याशी बोलणं सगळ्यांनी टाकलं. जेवण एकत्र शिजायचं, त्यातून त्याला वगळलं. त्याच्याच तालुक्यातल्या दोघांनी तोंडावर सांगितलं, "तुझा भाऊ मेला तो मेला, आमची पोरं कशाला मारलीस?" हे त्यानंच मला सांगितलं, पासपोर्ट न्यायला आला तेव्हा.

"ताई, मी चुकलो काय?"

"नाही," मी म्हणाले. मला तसंच वाटत होतं, आजही वाटतं. पण त्याच्या चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

विमानतळाची बस वर्कशॉपच्या फाटकातूनच सुटायची होती. माणसं सामान टाकून चढली. तो शेवटी चढला. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. दोघेतिघे मागे उभे राहिले, पण तिथे कुणी बसलं नाही. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत हॉर्न देत होता. मॅनेजर फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला हात करत होते. त्यांनी त्यालाही हात केला, आणि त्यानंही हात केला.

संध्याकाळी घरी आले तर मुलगी म्हणाली, "You're early, Aai." मी म्हटलं, "हो. आता उद्यापासून घरीच."