बाभळीपाशी लाल सिग्नल

माझ्या मोठ्या मामांइतका परदेशात रमलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मामा उभ्या जन्मात बासरच्या पलीकडे गेलेले नाहीत. बासरलाही एकदाच गेले, कोणाच्या तरी सोयरिकीच्या बोलण्यांसाठी, आणि तिथे गोदावरीच्या काठावर जे बसले ते बोलणी आटोपून मंडळी परत निघाली तरी उठले नाहीत. "पानी पायत होतो," एवढाच त्यांचा खुलासा. एकदा इंद्रवेल्लीला लग्नाला म्हणून निघाले, बसच्या खिडकीतून जंगल बघता बघता भलत्याच गावी उतरले, दिसेल त्या मांडवात जेवले आणि आहेराचा तांब्याही तिथेच देऊन आले. वर त्या अनोळखी नवरीच्या सालस स्वभावाचं कौतुक आम्हाला कितीतरी दिवस ऐकवत होते. मामी म्हणते, "याइचं आंग तेवढं घरी रायते. बाकीचा मानूस कुठी रायते, ते मले आजलोक नाई समजलं."

असा माणूस एका मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून म्हणून निवृत्त झाला यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. पण मामांना कचेरी मनापासून आवडायची. पहाणी, मिसल, दरखास्त हे शब्द ते एखाद्या गाण्यासारखे घोळवून म्हणत. टेबलाशी आलेल्या प्रत्येकाला ते हसून सांगत, "उद्या या." साहेबांची सही नसली तरी उद्या या, नुसतीच दुपार झाली असली तरी उद्या या. लहानपणी मी त्यांना यावरून फार चिडवायची. ते म्हणायचे, "नाई म्हनलं का मानूस खचते, बाई. उद्या म्हनलं का घरी जाते, भाकर खाते, अन् झोपते."

पुढे हैदराबादच्या कॉलेजातून मला एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या लहानशा शहरात शिकायला पाठवलं. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, मामा कारकून झाले, आई शिक्षिका झाली, आणि आता मी विमानात बसणार म्हणून सगळी गल्ली आमच्या बाजारहत्नूरच्या बस थांब्यावर आली होती. आणि तिथे पोचून मी काय केलं, तर खोलीत बसून राहिले. पाऊस थांबत नव्हता, चहाच्या वेळेलाच अंधार पडायचा, वर्गात सगळे शहाण्यासारखं बोलायचे आणि मला वाक्याचं शेपूटही हाती लागायचं नाही. हळूहळू मी वर्गात जाणंच सोडलं. रजईत बसून बिस्किटं खायची आणि परतीच्या तिकिटाचा विचार करायची. आईला सांगायची हिंमत नव्हती. मामांना सांगितलं, कारण ते अर्धंच ऐकतील अशी माझी खात्री होती.

त्यांनी पुरतं ऐकलं. म्हणाले, "ये ना मंग. कोन नाई म्हनते? फकस्त एक डाव मले ते गाव दाखव. मी कवा पायीन?"

एवढ्यानेच मी सुटणार होते, म्हणून दुसऱ्या सकाळी कोटाच्या वरच्या खिशात फोन अडकवला, कॅमेरा बाहेर ठेवला आणि निघाले. माझी सकाळ म्हणजे मामांची भर दुपार. घरात रेंज मिळत नाही, ती तळ्याच्या बांधापासून पुढे मिळते, म्हणून ते बांधावर उभे. मी चालायला लागले तसे तेही चालायला लागले. मी डावीकडे वळले, ते डावीकडे वळून कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर चढले. नदीवरच्या पुलाशी पोचलो तेव्हा मी म्हटलं, "झालं, पाहिलं ना?" मामा म्हणाले, "अवं, पुलाच्या पलीकडचं कुठी पायलं? पन आता दुपार झाली. उद्या पाहू." पूल ओलांडला की समोरच कॉलेज होतं. तिथवर आलेच होते म्हणून वर्गात जाऊन बसले.

मग रोजच हे चालू झालं. देवळासारख्या मनोऱ्यावरचं ते घड्याळ जवळून पाहायचं राहिलं, बाजार कोणत्या वारी भरतो ते राहिलं, शिवार कुठे संपतं ते जाऊन बघायचा मुआयना राहिला. मामा त्या गावाची मिसल, म्हणजे फाईल, काही केल्या बंद करेनात. मला बर्फ लागला की तेही मफलर गुंडाळून यायचे, भर उन्हात. माझ्या रस्त्यावरचा सिग्नल त्यांच्या हिशेबाने एका बाभळीपाशी यायचा. तिथे ते थबकून उभे राहात. कापूस वेचणाऱ्या बाया विचारत, "काऊन थांबले हो, दादा?" मामा शांतपणे सांगत, "लाल हाय." काही दिवसांनी त्या बायाही वेचता वेचता ओरडून विचारू लागल्या, "झाला का हिरवा?"

पुलावर रोज एक म्हातारा कुत्रं घेऊन भेटायचा. मामा माझ्या खिशातून खणखणीत आवाजात त्याला "जय भीम" घालत. पहिल्या दिवशी तो बिचारा चारी दिशांना बघत राहिला. नंतर मात्र टोपी काढून माझ्या खिशाला नमस्कार करू लागला, माझ्याकडे न बघता. एकदा तो चार दिवस दिसला नाही तर मामा जेवेनात. "सर्दी झाली असन त्याले. इचारपूस कर." मी भीतभीत बेकरीत जाऊन विचारलं, आणि त्या शहरात आपणहून बोललेली ती माझी पहिली चार वाक्यं. म्हाताऱ्याला खरंच सर्दी झाली होती.

तरी एका सकाळी माझं पाऊलच उचलेना. बाहेर सगळं पांढरं, तोंडी परीक्षा समोर, आणि मी दारात उभी राहून रडत होते.  मामा म्हणाले, "आपल्या भिंतीवरच्या कोटवाल्या बाबाले आठव. तेबी असेच थंडीत शिकले. त्याइच्यासंगं चालाले कोनी होतं का? तुह्यासंगं मी हाव ना. चाल, मले ऊन लागून राह्यलं." मी निघाले. परीक्षा झाली आणि मी पासही झाले.

निघायच्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बुढ्याले सांगतलं का, आपन चाल्लो म्हून?"

गावी आले तेव्हा मामी आनंदाने म्हणाली, "आता तरी हे घरी रायतीन." मामा पडवीत बसले होते. मला बघून हसले, डोक्यावरून हात फिरवला आणि जरा वेळाने हळूच म्हणाले, "तू आली हे बेस झालं, बाई. पन आपलं ते गाव सुटलं." त्यांचा चेहरा मला बघवेना. त्या शहराने मला प्रमाणपत्र दिलं, मित्रमैत्रिणी दिल्या. मामांच्या हाती त्यातलं काहीच आलं नव्हतं, आणि तरी ते शहर माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना बांधावर घेऊन गेले. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या वाळल्या होत्या, तळं उन्हात डुलक्या घेत होतं. आम्ही डावीकडे वळलो, धुऱ्यावर चढलो. बाभळीपाशी मी आपसूक थांबले. मामाही थांबले. मी म्हटलं, "मामा, पुलापलीकडे कॉलेजमागची ती गल्ली आपण पाहिलीच नाही. रोज राहिली."

मामांनी डोळ्यांवर हात धरून तळ्यापलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता दुपार झाली," ते म्हणाले. "उद्या पाहू."