बोट ठेवून वाचणारी

आता मोठ्या बाई हे हसत हसत कबूल करतात, पण तेव्हा त्यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला होता. शिक्षकांच्या कॉलेजातून सहा आठवड्यांच्या सरावासाठी एक मुलगी शाळेत आली, ऑफिसात फॉर्म भरायला बसली, आणि प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागली. फॉर्म पण कसला, तर एक पान! तेवढ्यात गणिताच्या बाईंचा चहा पिऊन झाला, कप धुऊन जागेवर गेला.

"ही म्हणे पोरांना वाचायला शिकवणार," मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंना कोपराने ढोसलं. "हिलाच पहिलीत बसवा आधी."

मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव पडलं, गोगलगाय. कुणाला नावं ठेवायची म्हटली की आपल्याला कशी तरतरी येते! गोगलगाय म्हटलं की पुढचं 'पोटात पाय' कुणालाही आठवायला हवं होतं. त्या दिवशी मात्र एकीलाही आठवलं नाही.

मोठ्या बाईंकडे तिसरीचा वर्ग होता, एकतीस वर्षं. चष्मा गळ्यात दोरीला, डस्टर उजव्या हातात, आणि आवाज असा की मैदानावरच्या मुलांनी चेंडू खाली ठेवावा. त्यांचा अभिमान एकच, माझा वर्ग घडाघडा वाचतो. बाई एक ओळ म्हणणार, वर्ग ती मागून म्हणणार, दिवसातून तीन वेळा, आठवडाभर. कुणी पाहुणे शाळेत आले की मुख्याध्यापक त्यांना थेट तिसरीत आणत. मुलं धडा असा म्हणत की पाहुण्यांना टाळ्या वाजवायलासुद्धा फट मिळू नये.

गोगलगायीला बाईंनी मागच्या बाकाशेजारी खुर्ची दिली. बघ आणि शीक, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तिने बघितलं ते असं. मागच्या बाकावरची एक पोरगी, सगळे तिला चिमणी म्हणत, विहिरीचा धडा वाचायला उभी राहिली. निम्म्यावर आली आणि पंख्याच्या वाऱ्याने तिचं पान उलटलं. पुढचं पान उंटाचं. चिमणी उंटाच्या तोंडाकडे बघत विहिरीचं गार पाणी, तिच्या पायऱ्या, पायऱ्यांवरचं शेवाळ, सगळं न अडखळता सांगून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, "शाब्बास!"

गोगलगायीने हळूच पान जागेवर आणलं आणि चिमणीच्या पाठीवर हात ठेवला. चकार शब्द काढला नाही.

शब्द काढला तो वहीत. कॉलेजची सक्ती होती, रोज एक पान 'आजचे चिंतन' लिहायचं आणि सकाळी वर्गशिक्षिकेची सही घ्यायची. आजवर सरावाला आलेल्या मुली लिहायच्या, आज मला मुलांचे निरागस भावविश्व उमगले वगैरे. बाईही न वाचता सही ठोकायच्या. त्या दिवशी नेमका चष्मा डोळ्यांवर होता.

"वर्ग वाचत नाही, वर्ग आठवतो," वहीत लिहिलं होतं. "जे आपल्याला ठाऊक नव्हतं ते कागदाने सांगितलं, ही गंमत या मुलांना अजून एकदाही मिळालेली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं."

बाई उसळल्या. "म्हणजे एकतीस वर्षं मी काय झक मारली?"

"नाही हो बाई. मुलांचं पाठांतर फार पक्कं आहे."

"टोमणा मारतेस मला?"

"अहो, खरंच. मला इतकं पाठ होत नाही."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? बाईंनी सही केली, पण पेन असं दाबून की खालच्या तीन पानांवर उमटली. "घे वर्ग," म्हणाल्या. "पाचव्या आठवड्यात तुझ्या कॉलेजचे सर पाठ बघायला येणार ना? मग बघूच."

त्या पाठावर सगळं होतं. तो पास झाला तर ती शिक्षिका होणार. नाही झाला तर अख्खं वर्ष वाया, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी ती एक कापडी पिशवी घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. औषधाच्या खोक्याचं झाकण, साबणाचं वेष्टन, बसचं तिकीट, 'उद्या पाणी येणार नाही' अशी इमारतीतली सूचना, कुणाचं मांजर हरवलं त्याचा कागद. रोज प्रत्येकाला एक कागद, तोही न बघितलेला. शब्दाखाली बोट ठेवून वाचायचं आणि त्यात काय आहे ते सगळ्यांना सांगायचं. बस्स.

धावणारा वर्ग रांगायला लागला. बाई व्हरांड्यातून ऐकायच्या, "डो... डोळ्यां... डोळ्यांत गे... गेल्यास..." आणि हातातलं डस्टर कठड्यावर आपटायच्या.

"पळणारे घोडे दिले होते तुझ्या हातात. लंगडे करून ठेवलेस!"

"बाई, ते चित्रातले घोडे होते," गोगलगाय म्हणाली. आवाज जराही न चढवता, डब्यातला घास चावता चावता.

बाईंनी आपल्या डब्याचं झाकण आपटलं. मग थोड्या वेळाने, राग होताच पण उत्सुकता त्याच्याही वर, विचारलं, "हे बोटाचं खूळ तुला लागलं कुठून?"

"बाबांमुळे."

तिचे वडील टेंपोवर होते, लोकांचं घरसामान पोचवायचे. आकडे त्यांना यायचे, अक्षरांशी मात्र उभं वैर. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या ही वाचून दाखवायची. तेव्हा ती चौथीत, वर्गात पहिली, घडाघडा वाचणारी. एकदा चिठ्ठीवरची पहिली दोन अक्षरं बघून पुढचा पत्ता तिने आपल्या मनाने म्हणून टाकला. रस्ता ओळखीचाच होता ना! दुसऱ्या दिवशी बाबांनी एक लोखंडी कपाट पाठीवर घेऊन चार जिने चढवलं. दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचं नाही. कपाट चार जिने खाली आलं.

"बाबा रागावले?"

"नाही. पाठीला पट्टा बांधून झोपले आठ दिवस. मला एवढंच म्हणाले, चिठ्ठी पाठ नसते गं बाळा, चिठ्ठी रोज नवी असते. तेव्हापासून बोट सुटलं नाही."

बाईंनी डब्याचं झाकण या वेळी अलगद लावलं. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत अधूनमधून नवे कागद दिसायला लागले, मोठ्या बाईंच्या घरच्या पत्त्यावर आलेले. विचारलं असतं तर बाईंनी कानांवर हात ठेवले असते.

पाठाच्या दिवशी सर आले. पोट पुढे, फाईल काखेत, घड्याळ हातात काढून घेतलेलं. सकाळी बाईंनी तिला कोपऱ्यात ओढून सांगितलं होतं, "ऐक माझं. आजच्या दिवस विहिरीचा धडा घे. पोरांना पाठ आहे. पास होशील आणि सुटशील."

"आणि चिमणी?"

"चिमणीचं मी बघते नंतर! आज तुझं वर्ष आहे पणाला."

तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते बाईंना कळलं नाही. वर्गात जाऊन बघतात तो टेबलावर पिशवी. बाईंनी डोळेच मिटून घेतले.

मुलं एकेक करून वाचायला लागली, अडखळत, बोट सरकवत. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, वेग फारच कमी. आणि हे कागदही तुम्ही पाठ करून घेतले नसतील कशावरून?"

"तुमच्याकडचा द्या सर एखादा," ती म्हणाली.

सरांनी खिशात हात घातला आणि हाताला लागला तो कागद, न बघता, मागच्या बाकावर चिमणीपुढे ठेवला. चिमणीने बोट ठेवलं.

"शर... शर्टाची... बाही... एक इंच... कमी." ती थांबली. बोट पुढे सरकलं. "पँट. कं... कंबर... तीन इंच... सै... सैल करणे." मग शेवटची ओळ एका दमात, "पोटावर बसत नाही, ही तक्रार दुसऱ्यांदा!"

शिंप्याची चिठ्ठी! मग पहिल्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी टेकून हसत होती. चिमणी आधी घाबरली, मग तिने चिठ्ठीकडे बघितलं, सरांच्या पोटाकडे बघितलं, आणि तीही खुदकन हसली.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या. एकतीस वर्षांत या वर्गाने धडा कितीदा म्हटला, गमतीचेही धडे होते त्यात. वाचता वाचता कधी कुणी हसलं नव्हतं.

सर लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. चिठ्ठी खिशात टाकत म्हणाले, "समजलं. यांना समजतंय, हे मला समजलं." आणि 'उत्तीर्ण'समोर खूण करून फॉर्म बाईंकडे दिला. वर्गशिक्षिकेचा शेरा आणि सही तेवढी बाकी होती.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी पेन उघडलं. "पास झालीस, आनंद आहे. पण एक वाक्य मी लिहिणारच. मोठ्या माणसाने बोट ठेवून वाचणं शोभत नाही."

"मोठी माणसंही ठेवतात बाई. अक्षर बारीक असलं की."

"मी नाही ठेवत. जन्मात ठेवलं नाही. विचार कुणालाही!"

"बरं."

"बरं काय? नाहीच ठेवत." बाईंनी चष्मा चढवला आणि शेरा कुठे लिहायचा ते शोधायला लागल्या. छपाई मुंगीएवढी. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत. गणिताच्या बाईंनी कप खाली ठेवला.

"बाई," गोगलगायीने विचारलं, "कितव्या ओळीवर आलात?"

"सहाव्या." बाईंनी वर बघितलं, मग खाली बघितलं. बोट सहाव्या ओळीखाली होतं. "हे... हे तर मी धूळ झटकत होते."

"पाचही ओळींवरची?"

गणिताच्या बाईंना चहाचा ठसका लागला. बाईंनी दोघींकडे रागाने बघून घेतलं, पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि शेऱ्याच्या जागी 'उत्तम' एवढा एकच शब्द लिहून त्याखाली सही केली. बोट न उचलता.