मावशींच्या घरातलं वायफाय

मावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतींकडे बघायच्या. "वर काय ठिवलंय?" मग चहा. तुम्ही त्यांच्या ओळखीत असतात, तर तुमच्याही माळ्यावरचे डबे त्यांनी खाली उतरवले असते. माझे तर कपाटावरचेही उतरवले.

लातुरात क्लासच्या मुलींना खोल्या देणाऱ्या बायका पुष्कळ, पण फळी, माळा, घड्याळ यांतलं काहीच भिंतीवर नसलेलं घर हे एकच. भूकंपात गावाकडचं घर बसलं, तेव्हा त्यांची शाळकरी मुलगी फळीवरच्या पितळी भांड्यांखाली सापडली. हे त्यांनी मला एकदाच, शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी कॉलेजात शिकवायचो आणि त्यांच्याकडेच खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचो.

नेट मी घेतलं. पासवर्ड मात्र मावशींनी सगळ्या मुलींना वाटला, लोणचं वाटावं तसा. मोडेम आणि राउटर दोन्ही जमिनीवर, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीला लागून. त्यामुळे नेट कोठीला भरपूर मिळायचं, वरच्या मजल्याला नाही. मुली फोन घेऊन जिन्यात बसायच्या आणि एक पाण्याला उठली की सगळी रांग हलायची.

जळकोटची प्रज्ञा दुसऱ्यांदा मेडिकलच्या परीक्षेला बसणार होती. क्लासच्या सराव परीक्षा ऑनलाइन व्हायच्या. मध्येच नेट जायचं आणि पेपर अर्धाच जमा व्हायचा. तिचे मार्क घसरले. एका रविवारी वडील तिला न्यायलाच आले. बोलले अदबीने, पण ठरवून आले होते: वर्ष वाया चाललंय, स्थळही आलंय. प्रज्ञा भरलेल्या बॅगेजवळ मान खाली घालून उभी होती.

डबडं कुठं लावलं तर वर पोचेल, असं मावशींनी मला विचारलं. मी जिन्याच्या भिंतीवर, पार छताजवळ बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी राउटर सोडवून आणायला लावला आणि हातात घेऊन तोलला.

"सर, स्टुलावर चढा. तिथून हे माझ्या डोस्क्यावर टाका."

मी नाही म्हणालो. त्या भिंतीशी मांडी घालून बसल्याही होत्या.

"टाका म्हणलं न्हवं."

टाकला. टपकन डोक्यावर आपटून तो त्यांच्या ओटीत पडला. क्षणभर त्या डोळे मिटून तशाच राहिल्या. मी घाईने स्टुलावरून उतरलो. आणि मग बाई अशा हसल्या की सगळ्या मुली खोल्यांतून बाहेर आल्या.

"लई हलकं हाय की. बसवा वर. आन् दादा, ती बॅग ठिवा. पोरगी कुटं जात न्हाई."

मोडेम कोठीपाशीच राहिला. तिथून वायर जिन्याने वर नेली. राउटरचे स्क्रू प्रज्ञाच्या वडिलांनीच पिळले. एवढा हट्ट बघितल्यावर त्यांच्याने नाही म्हणवलं नाही. वरच्या खोलीतून प्रज्ञा ओरडली, सगळ्या काड्या भरल्या. मावशींनी लगेच शिरा टाकला.

मावशी आता नाहीत. मला त्या आठवतात त्या प्रज्ञाला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली त्या दिवशीच्या. नवं लुगडं नेसून त्या गल्लीत दारोदार फिरत होत्या. "माझी पोरगी डॉक्टर व्हायलीय," एवढंच सांगायच्या आणि पुढच्या दाराकडे वळायच्या. कुणी त्यांचं बोलणं दुरुस्त केलं नाही. प्रज्ञाचे वडील त्यांच्या मागून पेढ्यांचा पुडा घेऊन चालत होते, डोळे पुसत.