बॅनरवरचा गाल

धाकट्या भावाच्या हळदीचा बॅनर शहापूरहून छापून आला आणि मुरबाडकडच्या आमच्या घरासमोर उभा राहिला. त्यावर आत्याचा चेहरा होता. डावा गाल मात्र कोणा अनोळखी बाईचा होता, गोरा, गुळगुळीत, निर्जीव.

आत्याचा खरा गाल भाजलेला आहे. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळताना वारा फिरला, आग गोठ्यापर्यंत आली आणि बैल सोडायला ती आत शिरली. त्यानंतर तिला लग्नासाठी पाहायला आलेले पाहुणे चहा पिऊन निघून जात. आई वारल्यावर आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवले. त्या खरबरीत गालाला गाल लावून मी झोपी जात असे. राबाची जमीनही जळून काळी पडते. तिच्यातून भाताची रोपे येतात, म्हणून तिला कोणी विद्रूप म्हणत नाही.

पहिली हळद आत्याने लावायची, असे घरात ठरले होते. दुपारी मांडवात एक पाहुणी हसत म्हणाली, "बॅनरवरची आत्या खरी, का ही गो?" आत्या हळदीची वाटी खाली ठेवून परसात चुलीपाशी जाऊन बसली.

"दादा, मी चांगल्यासाठीच करून घेतलं," भाऊ म्हणाला. "देखणी दिसते ना?"

चारचौघांत माझा आवाज सहसा फुटत नाही. त्या दिवशी मी विळ्याने बॅनरच्या दोऱ्या कापल्या आणि सर्वांसमोर ओरडलो, "देखणी? मला या चेहऱ्याची किळस येते!"

आत्या धावत आली. "येडा झालास का रे? लगीन हाय घरात!" मला दटावतच तिने वाटी उचलली आणि भावाला हळद लावली. भाजलेली बाजू दिसणार नाही असे वळायला फोटोग्राफरने तिला सांगितले.

"हाय तसाच काढ," ती म्हणाली. "का तुझ्या यंत्रात माझं तोंड मावत नाय?"

सगळे हसले. भावाने मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात अल्बम आला. पहिल्याच पानावर आत्याचा गाल पुन्हा गुळगुळीत केलेला होता. तिने त्यावरून बोट फिरवले आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बरी दिसते."

तिचे ते शब्द मला बॅनरपेक्षा अधिक झोंबले. अल्बम मी परत पाठवला आहे. आहे तसा फोटो आल्याशिवाय तो घरात घेणार नाही.