कालव्यासाठी दहा मिनिटं

ऑटावा शहराच्या मधोमध एक जुना कालवा आहे. संसदेच्या टेकडीशेजारी तो नदीला मिळतो आणि तिथे आठ पायऱ्यांनी खाली उतरतो. एकेक पायरी म्हणजे एकेक दगडी हौद, आणि हौदाच्या दोन्ही तोंडांना लाकडाची प्रचंड दारं. आजही ती दारं माणसं हातानं हँडल फिरवून उघडतात. हौदात पाणी घेतात, सोडतात, आणि बोटी वर-खाली नेतात. माझ्या सासूबाईंना कॅनडात एवढंच बघायचं होतं. नायगारा त्यांनी पाहिला आणि "खूपच पाणी आहे" एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या.

सासूबाईंचे वडील नीरेच्या कालव्यावर पाटकरी होते. कुठल्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं ते ठरलेलं असायचं आणि वेळेवर दार उघडायचं-बंद करायचं काम त्यांचं. ते तापानं पडले की दहा-अकरा वर्षांच्या सासूबाई दाराच्या चाकाला लोंबकळून ते फिरवायच्या. हे त्यांनी मला मिसिसागाच्या आमच्या किचनमध्ये कोथिंबीर निवडताना सांगितलं. लेकीनं कधीतरी पाठवलेल्या कॅलेंडरवर त्यांनी या ऑटावाच्या दारांचा फोटो पाहिला होता. "एवढी मोठी दारं, आणि हातानं फिरवतात म्हणे," त्या म्हणाल्या. "कशी फिरवतात ते बघायला पाहिजे." मग लगेच कोथिंबिरीच्या काड्या गोळा करायला लागल्या.

हे मुलाला किंवा लेकीला त्या बोलल्या नव्हत्या. आपल्याला काय हवं ते आपल्या तोंडानं सांगायचं नाही, मुलं विचारतील तेव्हा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. मुलंही विचारतात ते हे उत्तर येणार म्हणूनच. पुढच्या मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं आणि गुडघ्यांची अवस्था पाहता पुन्हा इतका प्रवास होणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे दारं बघायची तर याच शनिवार-रविवारी.

शुक्रवारी आम्ही नणंदेकडे कनाटाला पोचलो. तिच्या घरापासून कालवा गाडीनं अर्धा तास. नऊ वर्षं ती तिथे राहते आणि तिनं तो आठ हौदांचा उतार जवळून कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "सकाळी गाडी काढू, तिथे जाऊन बसू, बघून परत येऊ."

"वहिनी, डाउनटाउनला पार्किंग मिळत नाही," नणंद म्हणाली. "त्यात यंदा देशाचं दीडशेवं वर्ष, नुसती झुंबड. गाइडेड टूरच घेऊ. फुल डे. आईला सगळं एकदम बघून होईल."

चहाचे कप बाजूला सारून लॅपटॉप उघडला गेला आणि निवड सुरू झाली. मी विमानतळाजवळच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. कुठला ट्रक किती वाजता कुठल्या दाराला लागेल हे दिवसभर ठरवते, त्यामुळे लोक निर्णय कसे घेतात हे मी रोज बघते. पण त्या दुपारी जे चाललं होतं त्याला निर्णय म्हणणं कठीण आहे. माझा नवरा पॉइंट मोजत होता. सहा पॉइंटांची टूर, आठ पॉइंटांची टूर. महाबळेश्वरला टॅक्सीवाले मोजतात तसे.

एक टूर खरोखर चांगली होती. अर्धा दिवस कालव्याच्या काठानं, माणसं बारा, दारं चालवणाऱ्यांशी गप्पा. ती मी दाखवली.

"अर्धा दिवस नुसता कालवा?" नवरा म्हणाला. "आई कंटाळेल. आणि जेवण नाही त्यात."

"तिचे गुडघे बघ," नणंद म्हणाली.

"गुडघ्यांसाठीच म्हणतेय. बसून बघायचंय."

"अगं, पण पूर्ण दिवसाचे लोक दहा पॉइंट देतात," नवरा म्हणाला. " आई पुन्हा येणार आहे का?"

ते 'दहा पॉइंट देणारे' म्हणजे आपल्याकडचीच एक टूर कंपनी होती. मोठी बस, बसमध्ये वॉशरूम, हिंदी बोलणारा गाइड, आणि सर्वांत ठळक अक्षरांत 'गरमागरम शुद्ध शाकाहारी जेवण'. ते वाचून दोन्ही भावंडांचे चेहरे उजळले. कॅनडाची राजधानी बघायला जायचं आणि पनीर मिळेल की नाही या काळजीनं दिवस निवडायचा. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांना लेकीनं विचारलं, "चालेल ना गं आई?"

"तुम्ही म्हणाल तसं," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आठवडाभर शिफ्ट करून पाच तास गाडी चालवून आले होते आणि मला तो विषय संपवायचा होता. यादीत तिसऱ्या क्रमांकावर 'ऐतिहासिक कालवा आणि त्याची दारं' असं लिहिलेलं दिसलं, बसला वॉशरूम आहे हे दिसलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढून मीच बुकिंगचं बटण दाबलं. तिसऱ्या क्रमांकाला किती वेळ, हे मी पाहिलं नाही. नोकरीत अशी चूक केली असती तर माल दुसऱ्या प्रांतात गेला असता.

शनिवारी सकाळी बसमध्ये पाय ठेवला तेव्हाच वास आला. आदल्या दिवशीचे समोसे, ओले बूट आणि वॉशरूमचा निळा द्राव, तिन्ही एकत्र. खिडकीच्या काचेवर कुणाच्यातरी डोक्याचं तेल लागलेलं. मी टिश्यूनं पुसलं तर ते आणखी पसरलं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

गाइडनं माइक हातात घेतला आणि बायकोवरचे विनोद सुरू केले. बायको कार्ड घेऊन दुकानात गेली, बायको गाडी चालवायला शिकली. पुरुष हसत होते, बायकाही हसत होत्या. मग त्यानं बसचे दोन भाग करून भेंड्या लावल्या. बाहेर संसदेची टेकडी आली आणि गेली. आत 'म' वरून गाणं येईना म्हणून भांडण चाललं होतं. आमचे हे सगळ्यांत मोठ्यानं गात होते.

एका पुलावरून जाताना मला खाली तो उतार दिसला. दगडी हौद एकाखाली एक, आणि नदीच्या बाजूला एक पांढरी बोट आत शिरायची वाट बघत थांबलेली.

"लेफ्ट में कनाल, राइट में होटल," गाइड म्हणाला. सगळे होटेलच्या बाजूला झुकले.

सासूबाईंनी काचेला कपाळ टेकवलं. पूल संपला तरी त्या मागे वळून बघत होत्या.

"आई, परत येणारे आपण इथं," नवरा म्हणाला. "घाई काय."

त्यानंतर आम्ही एका दुकानात पाऊण तास काढला. तिथे मेपलच्या पानाचे टीशर्ट, मेपलच्या पानाचे मोजे आणि मेपलच्या पानाची चॉकलेटं होती. टूरवाल्याचं त्या दुकानाशी काय ठरलंय हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. नणंदेनं एक फ्रिजवर चिकटवायचं कालव्याचं चित्र घेऊन आईच्या हातात दिलं. "हे बघ, दारं."

मग जेवण. शहर सोडून पंचवीस मिनिटं उलट्या दिशेनं, टायरच्या दुकानाशेजारच्या एका बँक्वेट हॉलमध्ये. गालिच्यावर पूर्वीच्या लग्नांचे डाग. पनीरवर साय धरलेली, रायत्यात पाणी वेगळं झालेलं, जिलेबीवर एक माशी, आणि तिला हाकलून लोक तीच जिलेबी उचलत होते. समोरचा एक गृहस्थ सहा पुऱ्या घेऊन बसला आणि साडेचार टाकून उठला. उष्ट्या थाळ्यांचा ढीग गळत होता.

रांगेत गाइड माझ्या पुढे होता. मी विचारलं, "कालव्यावर किती वेळ थांबणार?"

"दस मिनट, भाभीजी. फोटो के लिए बहुत है."

"एक दार उघडायला किती वेळ लागतो?"

"कौनसा दरवाजा?" त्यानं विचारलं. चेष्टा नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी थाळी होती तिथेच ठेवली आणि टेबलाकडे गेले. सासूबाईंपुढे लेकीनं वाढून आणलेलं ताट होतं. त्या भात चिवडत होत्या.

"आई, ती दारं बघायला टॅक्सीनं जाऊ या का? आत्ता?"

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तुम्ही म्हणाल तसं."

"आम्ही काही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

"अगं, जेवू तर दे तिला," नवरा म्हणाला. "बस जाणारच आहे ना तिकडे."

"दहा मिनिटं जाणार आहे. मंगळवारी आईंचं विमान आहे."

"पण आईला एवढं काय त्या कालव्याचं?" नणंद म्हणाली. "आई, तू कधी बोलली नाहीस."

सासूबाईंनी ताट थोडं पुढे सरकवलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी ढेकर दिली.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या. "दारं कशी फिरवतात ते बघायचंय मला. हे जेवण मला नको."

आयुष्यात त्या पहिल्यांदा मुलांसमोर 'मला नको' म्हणाल्या असाव्यात. नवरा तोंडात घास तसाच धरून बघत राहिला. मी टॅक्सी बोलावली.

पुलाजवळ उतरून आम्ही काठानं खाली गेलो. उतार तीव्र आहे. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा कठड्यावर, आणि एकेक पायरी आडवी होऊन उतरल्या. पांढरी बोट केव्हाच वर चढून गेली होती, पण तिच्यामागून दुसरी, निळी, चढत होती. ती तेव्हा चौथ्या हौदात होती. गणवेशातली एक धिप्पाड बाई आणि एक पिकल्या मिशांचा माणूस हँडल फिरवत होते. साखळी करकरत होती.

सासूबाई गवतावर बसल्या आणि मला सांगायला लागल्या. आता खालची झडप उघडतील. आता पाणी चढेल. वरचं आणि खालचं पाणी समान झाल्याशिवाय दार हलायचं नाही, कितीही जोर लावा. त्या सांगायच्या आणि तसंच व्हायचं. एका दाराच्या फटीतून पाण्याची धार उडत होती. "गळतंय," त्या नापसंतीनं म्हणाल्या. "बाबांना असं गळतं दार चालायचं नाही."

तासाभरानं निळी बोट आमच्या शेजारच्या हौदात आली. पाणी चढत होतं आणि तेवढ्यात वरून गलका ऐकू आला. आमची बस पोचली होती. चाळीसेक माणसं फोन उंच धरून उतारावर ओघळली. हॉलमधून पार्सल घेतलेलं एक कुटुंब दगडी काठावर बसून खायला लागलं आणि त्यांची फोमची ताटली, चटणीसकट, वाऱ्यानं हौदात गेली. कुणी उठलं नाही. दार चालवणाऱ्या बाईनं लांब आकडी आणून ती बाहेर काढली आणि त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग आमच्याकडेही पाहिलं. आम्हीही तशाच दिसत होतो. मला जमिनीत जावंसं वाटलं नाही, त्या कुटुंबाला हौदात ढकलावंसं वाटलं.

"पाटात खरकटं टाकलं असतं तर बाबांनी फोडून काढलं असतं," सासूबाई म्हणाल्या. चांगल्या मोठ्यानं. त्यातल्या आजोबांना मराठी कळत असावं, कारण त्यांनी डबा मिटला.

नवरा आणि नणंद धापा टाकत आले. "आई, चल उठ, लवकर. सहाच मिनिटं राहिलीत," नणंद म्हणाली. "दादा, तू तिच्या शेजारी बस. आई, इकडे बघ."

सासूबाईंनी पाहिलं नाही. समोर हौद काठोकाठ येत होता.

"आई, इकडे बघ ना. मागे दार येतंय छान."

"थांब गं. पाणी समान होतंय."

"वहिनी, तुम्ही सांगा तिला."

"मी काहीही सांगणार नाही," मी म्हटलं.

धिप्पाड बाईनं हँडलवर वजन टाकलं. पलीकडे मिशावाल्यानं टाकलं. दोन्ही दारं जागची हलली, मधली फट रुंदावली आणि बोट पुढे सरकली. सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मुठी वळलेल्या होत्या. नणंदेनं तरीही फोटो काढले. सगळ्यांत आईचा अंबाडा आला आहे.

वरून गाइडनं शिट्टी मारली. अजून चार पॉइंट राहिले होते.

"येतेस ना?" नवऱ्यानं आईला विचारलं.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "विचार तेवढं गं त्या बाईला, पुढची बोट कधी आहे."

मी विचारून आले. पाऊण तासानं होती, आणि ती वरून खाली उतरणारी होती.

"म्हणजे आता उलटं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय लांब केले.