थंड इस्त्री

माझ्या मामाला आमच्या भागात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला 'कडक मामा' म्हणतात. इस्त्री कडक, आवाज कडक, मिशाही कडक. कॉलरला एवढीशी चुणी राहिली तर गिऱ्हाइकाच्या हातातला शर्ट ओढून परत टेबलावर घेणारा हा माणूस. आणि 'नाही जमणार' हे शब्द त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडले नाहीत. ढीग छताला टेकलेला असला तरी उत्तर ठरलेलं, "संध्याकाळी घेऊन जा." यावरच त्याचं दुकान चाललं, आणि यानेच त्याला गोत्यात आणलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींच्या घड्या, पाणी मारायची बाटली, डोक्यावर आडव्या नळीला हँगर. मागे पडदा, पडद्यापलीकडे संसार.

एका सकाळी मामा तयार कपड्यांचं गाठोडं सायकलला बांधून पोचवायला निघाला. रस्त्याच्या कडेला एक व्हॅन उभी होती. तिच्या ड्रायव्हरने मागे न बघता दार उघडलं. मामा दारावर आदळला आणि उजव्या खांद्यावर पडला. पण पडलो तरी नाक वर! बेकरीवाला धावत आला तेव्हा हा डाव्या हाताने रस्त्यावरचे शर्ट गोळा करत होता आणि ड्रायव्हरला झापत होता, "पांढऱ्या कपड्यांचं काय केलंस बघ!" आपलं हाड मोडलंय हे त्याला हॉस्पिटलात गेल्यावर कळलं.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, व्यायाम झाले. हात मात्र छातीच्या वर चढेना, मूठ धड मिटेना. शीर दुखावली होती. आता यात फार फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामाने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं.

उघडलं म्हणजे काय, तर इस्त्री पडद्यामागे गेली. तिथे मामी उभी राहिली. पुढच्या टेबलावर दुसरी, जुनी इस्त्री आली. तिच्यावर उजवा पंजा टेकवून मामा गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. तिची वायर टेबलाखाली नुसती लोंबकळत असायची. कपडे घ्यायचा, आत सरकवायचा, आणि संध्याकाळी मामीने केलेले कपडे आपण केल्यासारखे झटकून द्यायचा. मामीचं मनगट सुजायला लागलं. ती त्यावर फडकं बांधून उभी राहायची.

मी एकदा चिडून म्हणाले, "मामा, हे नाटक कशाला?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "कडकचा हात गेला असं एकदा पसरलं, की गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत."

भरपाईचा दावा लावू या, हे माझं म्हणणं. मामा ऐकेना. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि मला कुणाची भीक नको." शेवटी मामीने जेवायला वाढणं बंद करीन अशी धमकी दिली, तेव्हा तो माझ्याबरोबर वकीलबाईंकडे आला.

वकीलबाई वयाने माझ्याएवढ्याच, पण बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "काका, ही भीक नाही. तुमच्याकडे धडधाकट खांदा होता, दुसऱ्याच्या चुकीने तो गेला. गेलेलं मागायचा हक्क कायद्याने दिलाय. ड्रायव्हरच्या विमा कंपनीने ते द्यायचं आहे. पोलिसांचे कागद, दवाखान्याचे कागद आहेत, बेकरीवाल्यांनी पाहिलंय. बाकी तुमचं काम एकच. वाढवून सांगू नका, आणि कमीही सांगू नका. आता दुकान कसं चालतं?"

"चालवतो झालं," मामा म्हणाला. मामीने त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने डोळे वटारले.

महिनाभराने दुकानात एक नवीन गिऱ्हाईक आलं. गोडबोल्या माणूस, हातात शर्टांची पिशवी. "मामा, तुमचा अपघात झाला म्हणे? खांदा कसा आहे?"

"ठणठणीत!"

"म्हणजे शर्ट तुम्हीच करणार ना?"

"मग काय शेजारी करणार? संध्याकाळी घेऊन जा."

तो संध्याकाळी आला, शर्ट घेऊन गेला, जाताना मामाचा फोटोही काढला. मामाने मिशीवर ताव देऊन फोटोसाठी इस्त्रीवर पंजा ठेवला. मला त्याने हे कौतुकाने सांगितलं. मला तेव्हाच संशय आला, पण तो माणूस कुणाचा ते कसं कळणार?

कळलं ते कोर्टात. तो गोडबोल्या विमा कंपनीचा माणूस निघाला. साक्षीदाराच्या जागी उभा राहून त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि एक शब्दही खोटा सांगितला नाही. फोटो न्यायाधीशांच्या टेबलावर गेला. कंपनीचे वकील म्हणाले, "ज्या हाताने काम होत नाही म्हणून पैसे मागताहेत, तोच हात इथे इस्त्री धरून उभा आहे."

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाई बाहेरच्या बाकावर आमच्यासमोर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, हे काय आहे?"

मीच सगळं सांगून टाकलं. पडदा, मनगट, लोंबकळती वायर, सगळं.

वकीलबाईंनी मामीकडे बघितलं. "काकू, तुम्ही साक्ष द्याल?"

"नाही," मामी म्हणाली. "चार लोकांत यांची मान खाली जाईल असं माझ्या तोंडून येणार नाही. मग दावा गेला तरी चालेल."

"तिला कशाला मध्ये घेता," मामा पुटपुटला.

"मग तुम्हीच बोलायला हवं. मी तुम्हाला पुन्हा उभं करायची परवानगी मागते. तुम्ही मागच्या साक्षीसारखं पुन्हा 'चालवतो झालं' म्हणालात, तर माझ्याकडे आणखी काही नाही."

मला मामाचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती. सुट्टीभर तो उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने मिटत बसला होता. मिटायची, सोडली की परत उघडायची.

परवानगी मिळाली. मामा उभा राहिला. मागच्या बाकांवर आमच्याच भागातली दोन गिऱ्हाइकं बसली होती, आपल्या कुठल्याशा खटल्यासाठी आलेली. मामाने त्यांना पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हा बोलत नाही.

वकीलबाईंनी फोटो त्याच्या पुढे धरला. "यात तुम्ही काय करताय?"

मामाने डाव्या हाताने फोटो जवळ ओढला. मग त्याचा आवाज आला, आणि तो कडक नव्हता.

"ही इस्त्री थंड आहे, साहेब."

"म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वायर लावलेली नाही. मी तिच्यावर नुसता हात ठेवतो. तापलेली इस्त्री उचलायला गेलो तर पायावर पडते, एकदा पडली. या माणसाचे शर्ट मी केले नाहीत. अपघातानंतर एकही कपडा मी केला नाही. सगळे हिने केले." त्याने डाव्या हाताने मामीकडे दाखवलं. "आत पडद्यामागे उभं राहून. मनगट सुजलंय तिचं. आणि लोक मला म्हणायचे, वा मामा, काय हात आहे! मी हसून घ्यायचो."

एवढं बोलून त्याला रडू आलं. मिशा पुसायला त्याने उजवा हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग डाव्याने पुसलं. न्यायाधीशांनी त्या हाताकडे पाहिलं आणि खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी आणखी दोनचार प्रश्न विचारले, पण त्यांत आता जीव नव्हता.

बाहेर आल्यावर मला वाटलं, मामी त्याला धीर देईल. ती फणकारली. "एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती? घरी एकदा म्हणाला असतात तरी पुरलं असतं मला."

मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली. घरी जाईपर्यंत तो ती डाव्या हातात धरून चालला.

दावा मंजूर झाला. निकालात खांद्याची भरपाई तर होतीच, पण काम आता दुसऱ्याला करावं लागतं, हेही धरलं होतं. त्यातून मामीच्या मनगटावर उपचार झाले आणि मदतीला एक बाई ठेवली.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, कोर्टातल्या साक्षीनंतरच्या सकाळचं. मी सकाळी गेले तर पडदा काढून टाकलेला. जुनी इस्त्री कुठे दिसेना. पुढच्या टेबलाशी मामी उभी होती, खरी, तापलेली इस्त्री घेऊन, आणि मामा बाजूच्या स्टुलावर बसून डाव्या हाताने घड्या घालत होता. वाकड्याच घालत होता. एवढ्यात एक गिऱ्हाईक गाठोडं घेऊन आलं आणि सवयीने म्हणालं, "मामा, संध्याकाळपर्यंत होतील ना?"

मामाने तोंड उघडलं, परत मिटलं. मग मामीकडे मान वळवून म्हणाला, "तिला विचारा."