खंड्याचं बीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही.

तीसच्या सालाच्या आसपासची गोष्ट. अलिबागच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध होता, त्याची राखण माझ्या सासऱ्यांकडे. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि रोजची फेरी माझ्याकडे आली. भोक दिसलं की चिखलाने बुजवायचं — एवढंच काम.

वैशाखात खंड्याची जोडी बांधावर आली. चोचीने खणायचं, पायांनी माती मागे उडवायची — हातभर खोल बीळ! तेव्हाच बुजवायला हवं होतं. उद्या, उद्या म्हणत राहिले. मग वाटलं, आत अंडी असतील. आणि एक दिवस आतून बारीक किरकिर ऐकू आली. जिवंत पिल्लांवर चिखल कसा थापायचा? खेकडे धरायला येणारी बारकी नावाची कातकरीण माझ्या शेजारी वाकून ऐकत होती. दोघी हसलो.

"बांधाला भोक न्हाय ना गो?" सासरे रोज विचारायचे.

"न्हाय."

ज्येष्ठातल्या अवसेच्या उधाणाला बांध फुटला — नेमका तिथेच. पिल्लं गेली. गावाच्या शेतांत खारं पाणी भरलं, रोपं कुजली. खंड्याची जोडी चोचीत मासे धरून दिवसभर त्या खिंडारावर घिरट्या घालत होती. मी तरी काय करू शकत होते?

करू शकत होते — तेच तर सांगायचं आहे.

खोतांच्या ओटीवर गाव जमलं. बारकीनेच खेकड्यांसाठी बांध उकरला, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं. ती खाली अंगणात उभी होती.

"खंड्याचं बील व्हतं तिथं," ती म्हणाली. "ह्या बायला इचारा. तिनं पायलंय."

सगळे माझ्याकडे वळले. सासरेही. माझी बोबडी वळली, असं सांगितलं तर मला बरं वाटेल — पण नाही, मी अगदी स्पष्ट बोलले.

"मी कायच पायलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी गावाने बारकीची झोपडी मोडली. भर पावसात डोक्यावर गाडगी घेऊन ती, तिचा नवरा आणि दोन पोरं आमच्या दारावरून गेली. मी आत होते. दाराला कडी होती — मीच लावलेली.